झेंडूची सोय

वडूजला माझ्या शेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. अंगणातल्या दगडांना ते चुना लावून ओळीत बसवतात आणि कसलंही काम उरकलं की तळहात झटकून म्हणतात, "ओके रिपोर्ट हाय." मदत केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून मला त्यांची थोडी धास्तीच वाटते.

गावामागचा माळ नांगरून संपला होता. मारवेल गवत उरलं होतं ते फक्त त्यांच्या कुंपणालगतच्या पट्ट्यात. नखाएवढी तपकिरी फुलपाखरं तिथे उड्या मारल्यासारखी उडायची. मी बघत उकिडवा बसायचो. एकदा ते शेजारी येऊन बसले. मी गुंडाळलेलं पातं उलगडून आतली हिरवी अळी दाखवली. हिला हेच गवत लागतं, हिचंच पुढे फुलपाखरू होतं, असं मी सांगत होतो. पण अळी दिसल्यावर त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांची नजर पट्टाभर फिरत होती.

परवा मिरजेहून परतलो, तर पट्टा साफ. उकरलेल्या मातीत दोरी धरून झेंडूची रोपं लावलेली.

"आवं सर, अळी लय माजली हुती. गवात मुळासकट काढलं. आता तुमच्या फुलपाखरास्नी तरास न्हाई."

त्यांच्या तळहातांना फोड आले होते. मी आभार मानले.

आता रोज सकाळी झेंडूला पाणी घालून ते माझ्यासाठी खुर्ची मांडतात. "येत्याली," म्हणतात. मी जाऊन बसतो.