ठरवायचं अण्णानं

हॉस्पिटलातून वैनीचा फोन आला तेव्हा मी अण्णासाठी पेज गाळत होते. "डबा नको आणू आता," एवढंच ती म्हणाली. मला आधी तिचा रागच आला. सकाळपासून खपून केलेली पेज, आणि ही म्हणते नको... मग कळलं. अण्णा, माझा थोरला भाऊ, गेला होता.

इथं कानडी मुलखात, चामराजपेटेतल्या एका छापखान्याची इंग्रजी प्रुफं आम्ही भावंडं घरी तपासायचो. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविरामांसकट, आणि अण्णानं प्रुफावर डोळा ठेवायचा. अलीकडे कॉम्प्युटर कंपन्यांची माहितीपुस्तकं येऊ लागली, आणि एकाच पुस्तकात कुठं 'टुवर्ड' तर कुठं 'टुवर्ड्स' दिसायला लागलं. दोन्ही बरोबरच, पण पुस्तकभर एकच हवं. अण्णाचा नियम असा, की वाचणाऱ्यानं दोन्ही रूपं म्हणून थांबायचं. ठरवायचं प्रूफ बघणाऱ्यानं. मी घाईघाईनं ठरवून मोकळी झाले की तो पेन्सिल खाली ठेवायचा. "शांते, तुझं काम वाचायचं." मग स्वतःचा वेळ घेऊन ठरवायचा आणि म्हणायचा, "सरी, ठीक. पुढं." भारी हट्टी माणूस.

अर्धांगवायूनं त्याची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना काही कळत नाही. मी त्याचा हात हातात घेऊन प्रुफं वाचायला बसले. 'टुवर्ड...' काही नाही. 'टुवर्ड्स...' बोटं आवळली. "उगीच छळू नकोस गं त्यांना," वैनी म्हणाली. मी क्रम उलटा केला. तरी बोटं 'टुवर्ड्स'लाच आवळली. माझा भाऊ आत होता, मला ऐकत होता. मग मी रोज वाचत राहिले, वेड लागल्यासारखी. गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र हात तसाच पडून राहिला. मी पुन्हा वाचलं, क्रम बदलून वाचलं, शेवटी ओरडून वाचलं. नर्सनं मला धरून बाहेर नेलं.

आता मी एकटीच वाचते. दोन्ही रूपं म्हणते आणि थांबते. परवा छापखान्याच्या मालकांनी गठ्ठा परत दिला. "अक्का, स्वल्प, जरासं बघा, इथं ठरवायचं राहिलंय." बिचारे हळूच बोलले. गठ्ठा मी अण्णाच्या जागेवर ठेवलाय, अजून हात लावलेला नाही. एकदा का मी ठरवलं, की मग अण्णा गेलाच... मला नाही ठरवायचं.