लाल गाडीवरचं नाव

शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडे हिरूने ती गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यात कोंबडी बसली होती. कर्जतकडे कुठल्याशा शूटिंगसाठी जुन्या जीपच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून बनवलेली दोन सीटांची, लांब नाकाची लाल गाडी. टप नाही, आणि कधी असणार होता असंही दिसत नव्हतं. पडद्यावरच्या जोडप्याने तिच्यातून चार दिवस डोंगरात हिंडून घेतलं आणि मग गाडी पत्र्याच्या भावात भंगारात आली. वीस वर्षं घाटात ट्रक चालवून हिरूची कंबर कामातून गेली होती, आणि आता पुढे काय, असं बायको गौराबाई रोज विचारत होती. त्याने कोंबडी हुसकली, बॉनेट उघडून इंजिन पाहिलं आणि गाडी घरी आणली. गौराबाई दोन दिवस बोलली नाही. बिनछपराची वस्तू शहाणा माणूस घेईल का, असं तिचं म्हणणं. आणि खोपोलीचा पाऊस ज्याने पाहिलाय तो तिला चूक म्हणणार नाही.

पण गाडी चालली. वरातीला चालली, निवडून आलेल्या सरपंचाला चालली, आणि सगळ्यांत जास्त चालली ती रिटायर होणाऱ्यांना. साजगावच्या कंपन्यांमधून माणूस रिटायर झाला की त्याला फेटा बांधायचा, हार घालायचा, उघड्या गाडीवर बसवायचं आणि पुढे बेंजो लावून घरापर्यंत नाचत न्यायचं, ही इकडची रीत. तीही बहुतेकांची एकाच दिवशी, एकतीस मेला. जुन्या काळी पोरगं शाळेत घालताना आई सांगायची, लावणी चालू होती तेव्हा झाला, नाहीतर गौरी बसल्या होत्या तेव्हा. मास्तरांच्या रजिस्टरात लावणीला रकाना नव्हता, म्हणून ते सरसकट एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे तालुक्यातली निम्मी माणसं एकाच दिवशी जन्मली आणि एकाच दिवशी म्हातारी होतात. त्या दिवसासाठी हिरूकडे जानेवारीपासून नंबर लागायचे.

यंदा मात्र त्याने सगळे नंबर परत केले. एकतीस मेला एकच भाडं घेतलं, तेही फुकट. त्याचा धाकटा भाऊ सखा रिटायर होत होता.

गाडीच्या नाकावर लावायची पाटी हिरू स्वतःच करायचा. थर्माकोलची अक्षरं ब्लेडने कापायची, सोनेरी रंग द्यायचा, तारेने घट्ट बांधायची. त्याचं अक्षर शाळेपासून वळणदार. त्या दिवशी सकाळी तो दारात बसून अक्षरं कापत होता आणि बाहेर पाऊस कोसळत होता, कारण यंदा पावसाने मे महिनाच गिळला होता. पाटी पुरी झाली, ती अशी: श्री. हिरू धोंडी ठोंबरे. सखाच्या मिरवणुकीची पाटी, आणि नाव हिरूचं. यात त्याची काही चूक झाली नव्हती. कंपनीत गेली पस्तीस वर्षं सखाचं नाव हिरूच होतं.

घडलं ते असं. कंपनीने त्यांच्या बापाची, धोंडीची, जमीन घेतली तेव्हा घरटी एक नोकरी द्यायचं कबूल केलं होतं. अट एवढीच की पोरगा दहावी पास हवा. हिरू पास होता. सखा दोनदा बसला आणि दोनदा आपटला. पण हिरूला तेव्हा ट्रकची नोकरी होती, सखाकडे काहीच नव्हतं, आणि ज्या घरची मुलगी सखाला सांगून आली होती त्या घराला जावई कंपनीतला पाहिजे होता. आई, चंद्राबाई, एका दुपारी हिरूच्या ताटात भात वाढता वाढता म्हणाली, "तुज्या हातात ष्टेरिंग हाय रं हिरू. त्याच्या हातात काय हाय? तुजा दाखला दे त्याला." हिरूने जेवण संपवलं, हात धुतले आणि पेटीतून शाळा सोडल्याचा दाखला काढून दिला. एक कागद तर द्यायचाय, यापलीकडे त्याला काही वाटलं नाही. शहाण्या माणसाने कपाळाला हात लावावा असं हे काम, पण त्या घरात त्या दिवशी सगळ्यांना ते अगदी सरळ वाटलं.

तो एकच कागद असता तर गोष्ट वेगळी होती. कंपनीचा माणूस रेशनकार्ड बघायला येणार म्हणून कार्डावर धाकटा हिरू झाला आणि थोरला सखाराम. एकदा तिथे झाल्यावर पुढचं सगळं आपोआप झालं. हिरूचं जुनं लायसन चुलीत गेलं, नवं निघालं ते सखारामचं. बँक सखारामची, गाडीचं पुस्तक सखारामचं. मुलगी झाली, तिला शाळेत घातली तेव्हा हिरूला स्वतःच्या हाताने हर्षला सखाराम ठोंबरे असं लिहावं लागलं. मास्तर फॉर्म बघून म्हणाले, अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं. हिरू घरी आला आणि त्या दिवशी जेवला नाही. गौराबाईला वाटलं ताप आलाय.

आणि तोंडाने तरी कोण म्हणणार होतं त्याला हिरू? गौराबाईने नवऱ्याचं नाव घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात, एकदाच. पुढे जन्मभर "अवो". सखा त्याला दादा म्हणायचा. ट्रकवर तो उस्ताद होता आणि लाल गाडी आल्यावर गाडीवाले काका झाला. कंपनीतली माणसं सखाला हिरू म्हणत, त्यांचं ऐकून गावातली नवी पोरं त्याला हिरूकाका म्हणू लागली, आणि ज्यांना खरं माहीत होतं ती जुनी खोडं एकेक करून बहुतेक गेली. थोरल्याला हिरू म्हणून हाक मारणारी एकटी चंद्राबाई उरली होती. सहा वर्षांपूर्वी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने दोघांना जवळ बोलावलं. आपल्या हातून काय झालं हे तिला फार उशिरा कळलं होतं. तिने सखाकडून शब्द घेतला. नोकरी आहे तोवर गप्प राहा, पण सुटशील त्या दिवशी मारुतीच्या देवळात चार लोकांसमोर सांग की हे नाव दादाचं, ही भाकरी दादाची. सखाने तिच्या पायावर हात ठेवून हो म्हटलं, आणि त्याच दुखण्यात ती गेली.

हिरूला पैसा नको होता, पेन्शनही नको होती. त्याला देवळातलं ते एक वाक्य हवं होतं. सहा वर्षं तो त्या एका दिवसावर डोळे लावून बसला होता, आणि आज तो दिवस होता. गौराबाईने दारातून विचारलं, भावोजी सांगतील ना? हिरू म्हणाला, सांगेल, आईला शब्द दिलाय. तिने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो खेकसला.

उघडी गाडी पावसात चालवायची एक खुबी आहे. गाडी पळत असली की पाऊस काचेवर आपटून डोक्यावरून निघून जातो, ड्रायव्हर बऱ्यापैकी कोरडा राहतो. थांबलात किंवा हळू झालात की मेलात. आणि मिरवणूक तर माणसाच्या पावलाने चालते. कंपनीच्या गेटपासून गावापर्यंत तीन किलोमीटर, पहिल्या गिअरमध्ये, दोन तास. ओली चप्पल क्लचवरून घसरते म्हणून हिरू अनवाणी बसला होता. पाणी निघून जावं म्हणून पायाखालच्या पत्र्याला त्याने दोन भोकं पाडून ठेवली होती, पण त्या दिवशी भोकांतून जेवढं जाई त्याच्या दुप्पट वरून येई. घोट्याएवढ्या पाण्यात पेडल शोधावे लागत होते. सीटचा स्पंज पाणी पिऊन फुगला होता. मागच्या कठड्यावर सखा फेटा बांधून बसला होता आणि त्याच्यावर चार पोरांनी ताडपत्री धरली होती. ती ताडपत्री सखापुरती होती. तिच्यात साचलेलं पाणी पोरं अधूनमधून पुढे ढकलत, ते थेट हिरूच्या मानेवर पडे.

बेंजोवाल्यांनी स्पीकरला प्लास्टिक गुंडाळलं होतं. कंपनीतली माणसं भिजत नाचत होती आणि ओरडत होती, "आपला हिरू कसा, वाघ हाय जसा." प्रत्येक वेळी नाव आलं की हिरूची मान नकळत वर होई आणि मग त्याला कळे की हाक मागच्याला आहे. पस्तीस वर्षांत ही खोड गेली नव्हती. एका वळणावर जयवंता म्हातारी ओटीवर उभी होती, चंद्राबाईच्या वयाची, डोळे गेलेली. तिने विचारलं, कोन चाललाय गं? सून म्हणाली, हिरूकाका रिटायर झालं. म्हातारी म्हणाली, "हिरू? धोंडीचा थोरला? गुनाचं लेकरू ते." हिरूने गाडी थांबवायला ब्रेकवर पाय ठेवला होता. पण मागून नाचणारी माणसं गाडीवर येत होती, म्हणून त्याने तो काढला.

देवळात माणूस मावत नव्हता. हिरू गाडी झाडाखाली लावून खांबापाशी उभा राहिला. अंगातून पाणी निथळत होतं, म्हणून एकाने त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं. कंपनीच्या साहेबांनी भाषण केलं, सरपंचांनी शाल घातली, मग सखा माईकवर आला. त्याने आईचं नाव घेतलं. सखा म्हणाला की आईच्या पुण्याईने मला ही भाकरी मिळाली. मग तो थांबला. त्याने खांबाकडे पाहिलं, भावाशी नजर भिडली, हे हिरूने स्पष्ट पाहिलं. मग सखाने घसा साफ केला आणि कंपनीचे आभार मानले, बेंजो पार्टीचे मानले, पावसात गाडी आणल्याबद्दल दादाचे मानले, आणि सगळ्यांनी जेवून जायचं असं सांगितलं. टाळ्या झाल्या. हिरूनेही वाजवल्या, कारण शेजारचे त्याच्याकडे बघत होते.

पंगत बसल्यावर सखा त्याला देवळामागे घेऊन गेला. हिरूने काही विचारलं नव्हतं, तरी तो बोलत सुटला.

"दादा, रागावू नको. पेन्शन सुरू व्हायची हाय. फंड अजून कंपनीकडंच हाय. कुनी कान भरले तर समदं अडकल. आता दर नोव्हेंबरला मी जित्ता हाय म्हून दाखला द्यायचा, हिरूच्या नावानं. मेल्यावर सांगतील पोरं."

हिरू म्हणाला, "आईच्या पायाव हात ठेवलावतास."

सखाचा आवाज चढला. इतकी वर्षं मनात धरलेलं एकदम तोंडातून आलं असावं.

"तुला वाटतं मला फुकट भेटलं. तुज्या दाखल्यानं माजी तीन वर्सं खाल्ली, म्हाईत हाय? माज्या खऱ्या वयानं मी अजून तीन वर्सं कामाव असतो. ती कुनाकडं मागू?"

हिरूला रागही आला नाही. राग यायला आत काहीतरी शिल्लक असावं लागतं. त्याच्या एवढंच लक्षात आलं की आपण मेलो तर कागदावर सखाराम मरणार, आणि हिरू पुढेही जगत राहणार, दर नोव्हेंबरला तसा दाखला देऊन. भावाच्या खांद्यावरचा ओला हार वाकडा झाला होता, तो त्याने सवयीने सरळ केला आणि न जेवता गाडीत जाऊन बसला.

घरी परतताना शिळफाट्यापर्यंत रस्ता मोकळा मिळाला. त्याने गाडी तिसऱ्यावर टाकली, चौथ्यावर टाकली. पाऊस काचेवरून, डोक्यावरून मागे जायला लागला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर पावसाचं पाणी नव्हतं, आणि म्हणून आपण रडतोय हे त्याला समजलं. पाटी काढायची राहून गेली होती. अक्षरं बाहेर तोंड करून बांधलेली असतात, ड्रायव्हरला ती दिसत नाहीत.

शिळफाट्याला नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या होत्या. थांबल्याबरोबर पाऊस पुन्हा सगळा अंगावर आला. कडेच्या चहाच्या टपरीवर तीन-चार माणसं प्लास्टिकखाली उभी होती. त्यातला एक कुठला परगावचा, हातात ग्लास घेऊन, लाल गाडी आणि तिच्यातला हा चिंब म्हातारा बघत होता. त्याने पाटी मोठ्याने वाचली. मग हसून, अगदी आपुलकीने म्हणाला, "रिटायर झालात का? अभिनंदन. तुमीच ना हिरू ठोंबरे?"

सहा वर्षांत, चंद्राबाई गेल्यापासून, त्याला उद्देशून ते नाव कुणी घेतलं नव्हतं. त्या माणसाला सखाच्या कंपनीशी, पेन्शनशी, कशाशी देणंघेणं नव्हतं. तो उद्या भेटणारही नव्हता. नुसतं हो म्हणायचं होतं. हिरूने तोंड उघडलं, त्यात पावसाचं पाणी गेलं, आणि पस्तीस वर्षं रेशनच्या रांगेत, बँकेत, शाळेत जे बोलायची जिभेला सवय झाली होती तेच बाहेर पडलं.

"नाय," तो म्हणाला, "हिरू माजा भाव. मी गाडी चालवतो."

त्या माणसाने मान हलवली आणि चहा पिऊ लागला. पुढचा टेंपो हलला. हिरूने पहिला गिअर टाकला. पुढे घरापर्यंत रस्ता मोकळाच होता, पण त्याने गाडी पळवली नाही.