तारापूरच्या वाटेवरचा पंचनामा

मोटार चालवायची कशी, हे आमच्या मामंजींना ठाऊक नव्हतं. पण ती ठोकली तर पुढं काय करायचं, हे आमच्या घरात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

जन्मभर त्यांनी कोर्टात शिरस्तेदारी केली होती. माझे यजमान डॉक्टर. आडगावच्या रोग्यांकडे जाण्यासाठी त्यांनी एका पारशी बागाइतदाराची जुनी काळी मोटार घेतली, तेव्हा सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि मामंजींनी ओट्यावर बसून व्याख्यान दिलं. टक्कर झाली की जागच्या जागी थांबायचं. कुणाला लागलंय का ते बघायचं. कुठलीही वस्तू हलवायची नाही. चूक कुणाची हे आपल्या तोंडानं बोलायचं नाही. नकाशा काढायचा, साक्षीदार गाठायचे, जबाब घ्यायचे. "ठोकल्यावर माणसं भांडतात," ते म्हणाले. "भांडू नये. लिहावं."

हे ते मला सांगत नव्हते. माझं लग्न होऊन मी पालघरात आले त्याला दीड वर्ष झालं होतं, पण मामंजी सुनेशी थेट बोलत नसत. ते सासूबाईंना सांगत, "तिला म्हणावं, पाणी आण." मी समोरच उभी असले तरी सासूबाई मान वळवून मला सांगत, "पाणी आण." मग मी आणायची. मी मोटार चालवायला शिकले तेही मामंजींना असंच सासूबाईंकडून कळलं. त्यावर त्यांनी पंधरा दिवस काहीच निरोप पाठवला नाही.

त्या वर्षी भातकापणीनंतर मामंजींच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आत्याबाईंच्या नातवाची मुंज निघाली, तारापूरला. सासूबाई मदतीला दोन दिवस आधीच गेल्या. मुंजीच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघणार, एवढ्यात मनोरहून अडलेल्या बाळंतिणीचं बोलावणं आलं. आणायला जीपही आली होती. हे पेटी घेऊन जीपमध्ये चढता चढता मला म्हणाले, "तू घेऊन जा अण्णांना." आणि गेले.

अंगणात मी, मामंजी आणि मोटार. निरोप सांगायला मधे कुणी नाही.

मामंजींनी बराच वेळ मोटारीकडे पाहिलं. कोट, धोतर, टोपी, हातात छत्री. मग मागचं दार उघडून आत बसले आणि समोरच्या काचेला उद्देशून म्हणाले, "निघायला हरकत नाही."

बोईसरपर्यंतचा प्रवास मोटारीशीच बोलत झाला. "मोटार जरा हळू गेली तर बरं." "मोटारीनं त्या म्हशीकडे लक्ष द्यावं." पुढं पुढं मोटारीशी बोलणंही त्यांना अवघड वाटू लागलं असावं, कारण त्यांनी छत्री कामाला लावली. माझ्या पाठीमागे सीटवर एकदा ठोकलं की हळू, दोनदा ठोकलं की भोंगा. मी निमूटपणे हळू होत होते, भोंगा वाजवत होते आणि मधेच डोक्यावरचा पदर सावरत होते. सासऱ्यांच्या समोर पदर ढळता कामा नये, हा नियम मोटारीचा शोध लागण्याच्या आधीचा. चाक वळवताना पदर सांभाळायचा कसा, हे तो नियम करणाऱ्यांना कुणी विचारलेलंच नव्हतं.

बोईसर मागं पडलं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालेलं, त्यामुळे त्या रस्त्यानं खडीच्या लॉऱ्या धावत. त्यांच्या धुळीतून एक गवताची बैलगाडी समोर दिसली. गवत इतकं रचलेलं, की बैल दिसत नव्हते आणि गाडीवानही दिसत नव्हता. नुसता एक पिवळा डोंगर आमच्यापुढं डुलत चालला होता. मी वेग कमी केला. डोंगर अचानक थांबला. मीही थांबणारच होते, पाय ब्रेकवर गेलासुद्धा होता. आणि तेवढ्यात मागून छत्री आली. या वेळी ती सीटवर नाही, माझ्या खांद्यात आली. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. चारदा म्हणजे काय, हे ठरलेलंच नव्हतं. मी दचकले आणि पाय घसरला.

टक्कर मोठी नव्हती. ढकललं म्हणावं एवढीच. पण गवत आवळलेला दोर तटकन तुटला आणि तो अख्खा डोंगर सावकाश मागं कलंडून आमच्या अंगावर आला. काचेवर गवत, खिडक्यांवर गवत. मोटारीत अंधार झाला. शेवटी टपावर धप्पकन काहीतरी जड पडलं.

मग मागून मामंजींचा आवाज आला, "मोटार थांबवावी."

"थांबलीये," मी म्हणाले.

"ठीक. कुणाला लागलंय का?" हे त्यांनी कोर्टात पुकारा करतात तशा आवाजात विचारलं.

उत्तर टपावरून आलं. "मला काय नाय लागला. तुमी कोन? माझ्या गवतात कशे शिरले?"

टपावर पडला तो गाडीवान होता. मनोरकडचा डोंगरातला शेतकरी, तारापूरच्या एका तबेल्यासाठी गवत घेऊन निघालेला. रचलेल्या गवतावर तो निवांत झोपला होता आणि गवताबरोबर झोपेतच खाली आला होता. तो घसरत जमिनीवर उतरला आणि दारापुढचे भारे ओढू लागला.

"खबरदार!" मामंजी आतून ओरडले. "कुठलीही वस्तू हलवायची नाही!"

"मंग तुमी भाईर कशे येनार?"

हा मुद्दा कायद्यात आलेला नसावा. मामंजींनी विचार केला आणि एका दारापुरतं गवत हलवायला परवानगी दिली. त्या फटीतून आधी छत्री बाहेर गेली, मग मामंजी, मग मी. माझा पदर कुठंच नव्हता. मामंजींच्या टोपीवर गवताचा तुरा होता. रस्त्याकडेच्या मोरीवर टोपली शेजारी ठेवून एक कोळीण बसली होती. बोईसरच्या बाजाराला सुके बोंबील घेऊन निघालेली, वयानं सासूबाईंएवढी, दंडांनी मात्र त्यांच्या दुप्पट. ती हसून हसून डोळे पुसत होती.

"अगो बाय," ती मला म्हणाली, "मोटार गवत खाते हे मी आज पयल्यांदा पायला."

मामंजींनी तिच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. ते आता रंगात आले होते. खिशातून पेन्सिल काढली. कागद म्हणून मुंजीची निमंत्रणपत्रिका होती, तिची मागची बाजू कोरी होती. छत्रीनं मोजत ते मोटारीपासून बैलगाडीपर्यंत, बैलगाडीपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून एका ताडापर्यंत चालत गेले. ताडाचा काय संबंध होता ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण नकाशात तो होता.

इकडं गाडी मागं उलंडल्यावर बैलांच्या मानेवरचं जू निसटलं होतं. दोन्ही बैल वळून मोटारीपाशी आले आणि बॉनेटवरचं गवत खाऊ लागले. मामंजी नकाशातून वर बघतात, तर एक दिवा दिसायला लागलेला, फुटलेला.

"अरे, हाकल त्यांना! पुरावा खातायत!"

"भुकेले हायत," गाडीवान म्हणाला. "नि गवत माझाच हाय."

मग जबाब सुरू झाले. "बैलगाडी कोण हाकत होतं?" मामंजींनी विचारलं.

"बैल."

"बैल ओढतात. हाकत कोण होतं?"

"मी निजलेलो. त्यांना रस्ता ठावा हाय."

"मग ते मधेच थांबले का?"

गाडीवानानं बैलांकडे बघितलं, जणू उत्तर त्यांनीच द्यावं. "मुतायला," तो म्हणाला.

मामंजींनी क्षणभर पेन्सिल रोखली आणि 'नैसर्गिक कारणासाठी' असं लिहिलं. मग ते माझ्याकडे वळले. घसा खाकरला. "आपण मोटार किती वेगानं चालवत होता?"

दीड वर्षात ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. तेही 'आपण' म्हणून. मला हसू आवरेना, म्हणून मी खाली मान घातली. बिचाऱ्यांना ती लाज वाटली असणार.

"सांगता येणार नाही," मी म्हणाले. "काटा चालत नाही."

"टक्कर कशामुळे झाली?"

मला सगळं ठाऊक होतं. खांदा अजून दुखत होता. पण त्यांचंच व्याख्यान मला पाठ होतं. "चूक कुणाची हे आपल्या तोंडानं बोलायचं नाही," मी सौम्यपणे म्हणाले.

त्यांना ते आवडलं. मान हलवून त्यांनी लिहिलंसुद्धा. मग उरला साक्षीदार. मामंजी मोरीपाशी गेले. "बाई, तुम्ही काय पाहिलंत ते खरं खरं सांगा."

"सगळा पायला," कोळीण म्हणाली. "पोरीचा काय चुकला नाय. बैलांचा पन नाय. मागं एक म्हातारा बसलेला, त्यानं छत्रीनं पोरीला टोचला. एकदा नाय, चारदा. पोर दचकली नि मोटार गेली गवतात."

पेन्सिल थांबली. गाडीवान छत्रीकडे बघू लागला. मी ताडाकडे बघू लागले.

"लिवा की," कोळीण म्हणाली.

त्या वेळी मला वाटलं, आता मामंजी पत्रिका घडी करून खिशात घालणार. कोण विचारणार होतं? पण ते हलले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता, कानांपर्यंत. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे जबाब जसेच्या तसे उतरवून घेतलेला तो हात. त्यात फेरफार करायची सवयच नव्हती त्याला. ते हळू आवाजात म्हणाले, "म्हातारा लिहिता येत नाही. वृद्ध इसम लिहितो. चालेल?"

"चालेल. पन चारदा लिवा."

त्यांनी चारदा लिहिलं. वाचून दाखवलं. कोळणीला सही येत नव्हती आणि शाई नव्हती. मुंजीसाठी माझ्याजवळ कुंकवाचा करंडा होता, तो मी उघडून पुढं केला. तिनं अंगठा बुडवला आणि नकाशातल्या ताडाच्या बरोबर खाली उमटवला. माझ्याबद्दल त्या घरात कुणी काही चांगलं लिहून दिल्याचा तो पहिला कागद. मला त्या कागदाचा फार लोभ वाटला.

तोवर मागं खडीच्या लॉऱ्या खोळंबल्या होत्या. त्यांतले मजूर उतरून आले. "चाचा, लिखना हो गया? अब रास्ता दो," एकजण म्हणाला. बैलांना पुन्हा जुंपलं आणि सगळ्यांनी मिळून गवत गाडीवर चढवलं. मामंजींनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि तेही भारे उचलू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. गाडीवान म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बाबा." ते म्हणाले, "नाही. वृद्ध इसमानंच पाडलंय." आणि मला पहिल्यांदाच ते आवडले.

मोटारीचा बंपर वाकला होता, एक दिवा गेला होता. बाकी ती ठणठणीत होती. मामंजी पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसले.

मुंजीचा मुहूर्त अर्थातच गेला होता. पोचलो तेव्हा बटूची भिक्षावळ चालली होती. पुरुषांच्या पंगतीत मामंजींना उशिराचं कारण विचारलं गेलं आणि मी पडद्याआडून ऐकलं, ते म्हणाले, "बैलगाडी मागं आली." बैलगाडी मागं कशी येईल, असं कुणी विचारलं नाही. शिरस्तेदारांनी सांगितलं म्हणजे येत असेल. कागदावर खोटं लिहिता येत नसलं तरी जिलबी खाताना त्यांना ते जमत होतं.

मी स्वयंपाकघरात खरं काय ते सांगितलं. आधी हळूच एका जावेला, मग जरा मोठ्यानं सगळ्यांना. बायका हसून जमिनीला टेकल्या. सासूबाईंनी मला गप्प बसवायचा प्रयत्न केला, पण त्यांना स्वतःलाच ठसका लागला. आत्याबाई सत्तरीच्या, विधवेच्या लाल आलवणातल्या, कमरेत वाकलेल्या. त्या उठल्या, खुंटीवरच्या मामंजींच्या कोटातून पत्रिका काढली आणि माजघराच्या दारात उभ्या राहून सगळा पंचनामा मोठ्यानं वाचला, 'नैसर्गिक कारणा'सकट. पंगत हसायची थांबेना. मामंजी ताकाची वाटी तोंडाला लावून बसले होते, ती बराच वेळ रिकामीच होती.

जेवणं झाल्यावर पुरुष ओटीवर आडवे झाले. आत्याबाई माझ्याजवळ आल्या. "मोटार चालते ना अजून?"

"चालते."

"मग मला दर्यावर ने. चालत जाववत नाही गं आता. वर्षं झाली मी दर्या पाहिला नाही."

मी किल्ली घेतली. आत्याबाई पुढं बसल्या. मागं सासूबाई, दोन जावा, एक तान्हं मूल, बटूची आई, आणि कुठूनशी आलेली शेजारीण. दार लावायला दोघींना बाहेरून ढकलावं लागलं. एवढ्या बायका मोटारीत, आणि पदर एकीच्याही डोक्यावर राहिला नव्हता. मी मोटार सुरू केली तसे मामंजी ओटीवर उठून बसले. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"निजा तुम्ही," आत्याबाई खिडकीतून म्हणाल्या. "येतोय आम्ही तासाभरात."

किनाऱ्यावर मी मोटार सुरूच्या झाडांखाली लावली. आत्याबाई माझा हात धरून पाण्यापर्यंत गेल्या, आलवण घोट्याच्या वर धरलं आणि लाटेत उभ्या राहिल्या. आम्ही तासाभरात परतलो नाही.