बेडूक खोटं बोलत नाही

अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होतो, तिथल्या प्रयोगशाळेमागे पत्र्याची एक खोली होती. पूर्वी तिथे मोडकी बाकं टाकत. ती मी प्राचार्यांकडून मागून घेतली आणि तिच्यात बेडूक ठेवले. खरं तर ते भेक. मातकट, ओबडधोबड, अंगभर फोड असलेले. पण भेक हा पुस्तकातला शब्द. सगळे बेडूकच म्हणत, आणि शेवटी मीही तेच म्हणू लागलो.

विद्यापीठात संशोधनासाठी माझं नाव नोंदलेलं होतं. विषय असा, की बाईला दिवस गेले आहेत की नाहीत हे आपल्या भागातला साधा बेडूक सांगू शकतो का. परदेशात ही पद्धत सुरू झाली होती. बाईची सकाळची लघवी नर बेडकाच्या पाठीच्या कातडीखाली टोचायची. दोन-तीन तास थांबायचं. मग त्या बेडकाचं मूत्र काचेच्या नळीने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. बाईला दिवस गेले असतील तर त्यात बेडकाचे शुक्रजंतू वळवळताना दिसतात. नसतील तर काहीच दिसत नाही. एरवी बायकांना महिनोन्‌महिने वाट पाहून जे कळायचं, ते इथे अर्ध्या दिवसात कळत होतं. मला ही मोठी गोष्ट वाटायची आणि ती होतीही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढच्या हकिगतीने त्या पद्धतीला डाग लागू नये. डाग असेल तो माझा आहे.

बाटल्या अकोल्याहून यायच्या. माझ्या बायकोची थोरली बहीण तिथल्या एका जनाना दवाखान्यात नर्स होती. मीही तिला ताईच म्हणायचो. तपासायला आलेल्या बायकांकडून ती बाटल्या भरून घ्यायची आणि वर फक्त आकडा घालायची. नाव घातलेलं कुठल्याच बाईला आवडलं नसतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली टोपली सकाळच्या पॅसेंजरने निघायची, बडनेऱ्याला गाडी बदलायची, आणि मी अमरावती स्टेशनवर ती उतरवून घ्यायचो. दुसऱ्या दिवशी पोस्टकार्ड टाकायचो. अमक्या आकड्याचं होय, तमक्याचं नाही. मग ताई ज्या त्या बाईला सांगायची.

बेडूक धरून आणायचं काम आमच्या शिपायाचं. तो वलगावचा होता. पोतं खाली ठेवत म्हणायचा, "घ्या सायेब, तुमच्या सुईणी आणल्या." नरच निवडून घ्यायचे असतात असं सांगितल्यावर तो बराच वेळ विचार करत उभा राहिला. "मंग सुईणीचं काम गड्याले काहून देऊन राहिले?" म्हणाला. प्रयोगशाळेतली पोरं हसली. मीही हसलो असेन.

आमच्या लग्नाला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. बायकोला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा झाला नाही. दुसऱ्या वेळी मी घाई केली होती. कॉलेजात पेढे वाटले. पुढे तेच लोक घरी येऊन खाली मान घालून बसले. तिने आतून चहा पाठवला, बाहेर आली नाही. त्यानंतर हा विषय आम्ही काढत नव्हतो. जेवताना मी बेडकांबद्दल बोलायचो, कारण बोलायला तेवढंच उरलं होतं. पहिल्या पावसाळ्यात आलेल्या बाटल्यांत एकही उत्तर चुकलं नव्हतं, आणि ते मी तिला पुन्हा पुन्हा ऐकवायचो. "माणूस चुकेल, बेडूक खोटं बोलत नाही."

"एवढं शहाणं जनावर," ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अन् तुमी त्याले सुया टोचून राहिले."

गुढीपाडव्याला ती ताईकडे अकोल्याला गेली, चार दिवस राहून परत आली. त्या वर्षी ऊन लवकर तापलं. पत्र्याच्या खोलीत मी पाण्याने भिजवलेली पोती टांगली, तरी बेडूक कोपऱ्यातल्या मातीत अंग आखडून बसायचे. उत्तरं येऊ लागली ती नाही, नाही, नाही. मला शंका आली नाही असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात हा प्राणी मातीत शिरून सुस्त पडतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवत होतो. नागपूरला मार्गदर्शकांना तसं कळवलंही. त्यांनी लिहिलं की सगळ्या ऋतूंचे निकाल हवेत, काम थांबवू नका. संशोधनाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण ताईला मी एवढं कळवायला हवं होतं, की या दिवसांतलं 'नाही' बाईला सांगू नका. ते कळवलं नाही. कळवलं असतं तर तिने बाटल्या पाठवणं बंद केलं असतं, आणि माझं वर्ष अपुरं राहिलं असतं. मी पोस्टकार्डं टाकत राहिलो.

त्याच उन्हाळ्यात बायको घर आवरायला लागली. कुरड्या, पापड, सांडगे असे केले की दोन वर्षं पुरावेत. लोणच्याच्या बरण्या एकीच्या जागी तीन भरल्या. भावजयीला आपली दोन चांगली लुगडी देऊन टाकली. कुठल्या डब्यात काय आहे ते मला दाखवलं, आणि एके दिवशी वरणाला फोडणी द्यायला शिकवलं. "मोहरी तडतडू द्या आधी. घाई नका करू."

"मला कशाला हे?"

"आलं पाह्यजे माणसाले."

मला बरं वाटत होतं. वाटलं, हिचं मन घरात रमलं. दुपारी ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची, तेव्हा म्हणायचो, ऊन आहे, सगळेच थकतात. मीही थकलेला होतो. त्या दिवसांची आठवण काढली की मला दुसरं काही आठवत नाही, दोघं थकलेली आणि मध्ये जेवणाची ताटं.

आमच्या घरात तेव्हा बायका महिन्याचे चार दिवस बाजूला बसत. मागच्या पडवीत तिचं घोंगडं, तिचा तांब्या, तिची थाळी. त्या चार दिवसांत स्वयंपाक माझ्याकडे, म्हणजे खिचडी. ती चैत्रात बसली, वैशाखात बसली, ज्येष्ठात बसली. मी वरून तिच्या थाळीत खिचडी वाढायचो, ती मान वर न करता जेवायची. बाई बाजूला बसली म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे, असं मी धरून चाललो होतो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारा माणूस मी. पण घोंगड्यावर बसलेल्या बायकोकडे कधी नीट पाहिलं नाही.

आषाढात शिपायाने ओढ्यावरचे नवे बेडूक आणले. ते पोत्यातच उड्या मारत होते. मी ताईकडून मुद्दाम अशा एका बाईची बाटली मागवली, जिच्याबद्दल शंकाच नव्हती. ओकाऱ्यांनी ती दवाखान्यातच पडून होती. नव्या बेडकाने होय सांगितलं. तीच लघवी खोलीत उन्हाळा काढलेल्या जुन्या बेडकाला टोचली. काही नाही. दुसऱ्या जुन्याला टोचली. काही नाही.

रविवारी मी अकोल्याला गेलो. ताई ड्युटीवरून येऊन, दवाखान्यामागच्या तिच्या खोलीत बादलीत पाय सोडून बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं की उन्हाळ्यातल्या 'नाही'वर विसंबता येणार नाही.

"हे तुमी आता सांगून राहिले, जावईबापू?"

"मलाही आत्ताच खात्री झाली."

"खात्री आता झाली. शंका कधी आली होती?"

"चैत्रात," मी म्हणालो.

तिने पाण्यात पाय हलवले. मग म्हणाली, "बाकीच्या बायांचं मी पाहते. पोट काई बेंडकाले विचारून वाढत नाई, त्यायले कळलंच असन. पण त्यातली एक बाटली अमरावतीची होती."

मला अर्थ लागला नाही.

"माह्या बहिणीची. पाडव्याले आली होती ना, तेव्हा भरली अन् तुमच्याच टोपलीत टाकली. मले शपथ घातली, त्यायले सांगायचं नाई. नक्की झालं का मंग सांगू, म्हणे. मागच्या खेपेले त्यायनं पेढे वाटले."

"पण ती तर बाजूला बसते," मी म्हणालो. "दर महिन्याला."

"बसते. बसाले काय लागते?"

मी तिच्या खाटेच्या कडेला बसलो. बाकीचं तिने सांगितलं. माझं 'नाही' पोचल्यानंतरही बायकोची पाळी आली नाही, आणि पुढे पोटही जड होऊ लागलं. त्या दोघींच्या एका मावशीला असंच झालं होतं. पाळी थांबली, पोट वाढलं, घरचे ओटी भरायच्या तयारीला लागले, आणि निघाली गाठ. वर्षाच्या आत मावशी गेली. बायकोने तेच धरलं होतं. ताई निरोपावर निरोप पाठवत होती, की येऊन डॉक्टरीणबाईंना दाखव. ती येत नव्हती.

"म्हणते, दाखवून काय होते? मावशीले दाखवलंच होतं," ताई म्हणाली. "अन् बेडूक खोटं बोलत नाई म्हणते. घरात रोज ऐकून राहिली ती."

परतीच्या गाडीत मला फक्त कुरड्यांचे डबे दिसत होते.

घरी आलो तेव्हा ती परातीत तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "उद्या अकोल्याला जाऊ. डॉक्टरीणबाईंकडे."

"ताईनं सांगतलं वाटते."

"एवढ्या कुरड्या कशाला केल्या?"

"तुमाले करता येत नाईत म्हणून." ती खडे बाजूला काढत राहिली. "गाठच आहे ती. मावशीची अशीच होती."

"कशावरून?"

"आता हलाले लागली. निजलं का सरकते इकडून तिकडं. मासोळी फिरल्यावानी."

आधीची दोन्ही पोटं तिसऱ्या महिन्यात गेली होती. मूल पोटात हलतं म्हणजे काय होतं, हे तिला कधी कळलंच नव्हतं. मी तिच्यासमोर खाली बसलो. शब्द ओठांवर आला होता. पण पेढ्यांची आठवण झाली, आणि असंही वाटलं की या बाबतीत माझ्या तोंडून होय किंवा नाही निघावं, हा हक्क आता मला राहिला नाही. "उद्या जाऊ," एवढंच म्हणालो आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडू लागलो.

अकोल्याला मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत डॉक्टरीणबाईंनी लाकडी नळी तिच्या पोटाला लावून ऐकलं. खूप वेळ लागला, की मला तसं वाटलं. ताई बाहेर आली आणि दारातूनच म्हणाली, "ठोके चांगले आहेत. पाचवा सरत आला. पेढे नका वाटू, जावईबापू."

मागून बायको आली. पदर सारखा करून माझ्या बाजूला बसली. तिच्या चेहऱ्यावर आनंद मी शोधला, पण तो लगेच दिसला नाही. लांबचं चालून आलेल्या माणसासारखी ती नुसती बसली. "कोणाकोणाले काय द्यायचं ते समदं मनात लावून ठेवलं होतं मी," ती म्हणाली. "थकून गेली." रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

ताईने उन्हाळ्यातल्या बाकी बायकांचा शोध घेतला. बहुतेकींना आपलं आपण कळलं होतं. एकीचं मात्र कळलं नाही. ती अचलपूरकडच्या एका खेड्यातली. नवऱ्याचं दुसरं लग्न ठरत होतं, म्हणून सासूच तिला घेऊन आली होती, आणि 'नाही' सासूसमोरच सांगितलं गेलं. मी एसटीने दोनदा त्या गावाला जाऊन आलो. पण परक्या पुरुषाने गावात जाऊन विचारायचं काय? कुणाच्या सुनेला दिवस गेले होते का, असं विचारता येत नाही. दोन्ही वेळा हॉटेलात चहा घेऊन परत आलो. त्या सासूने काय केलं, मला अजून माहीत नाही.

माझ्या प्रबंधात या सगळ्याचं एक वाक्य झालं. उन्हाळ्यात नराचा प्रतिसाद मंद आढळतो. परीक्षकांनी त्या वाक्याचं कौतुक केलं. पदवी मिळाली. त्याआधी, हिवाळा लागता लागता आम्हाला मुलगी झाली होती. आता ती शाळेत जाते.

पण श्रावणातली एक संध्याकाळ सांगायची राहिली. अकोल्याहून येऊन महिना होत आला होता. दिवेलागणीला पाहतो तर बायको घोंगडं घेऊन मागच्या पडवीत निघाली होती. तांब्या आधीच तिकडे ठेवलेला.

"आता कशाला?" मी म्हणालो. पोट आता लुगड्यातूनही दिसत होतं.

"चार दिवस बसू द्या," ती म्हणाली. "उनाळाभर तेवढाच आराम होता मले."

"शेजारी हसतील."

"हसू द्या. त्यायले कोणी रांधून घालते का?"

ती घोंगड्यावर बसली, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. मी चूल पेटवली, तांदूळ-डाळ धुऊन घेतली, कढईत तेल टाकलं. तेल तापायच्या आतच हात मोहरीच्या डब्याकडे गेला.

"घाई नका करू," पडवीतून ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

मी हात मागे घेतला आणि तेल तापायची वाट पाहत उभा राहिलो.