तात्यांची गाडी आणि बबनचा सेन्सर

महाडच्या हायवेवर आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. तिथे दोन गोष्टी आपोआप साठत गेल्या, एक भंगार आणि दुसरे किस्से. भंगार निदान कुणीतरी घेऊन जातं. किस्से तसेच पडून राहिले, आणि त्यातले निम्मे एकट्या तात्यांच्या गाडीचे!

तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दुकानामागेच त्यांचं घर, अंगणात त्यांची जुनी गाडी. दोन मुलगे, सतीश ठाण्याला आणि नितीन पुण्याला. हायवेलगतचं घर विकायचं, गाडी मोडीत काढायची आणि आईवडिलांना फ्लॅटमध्ये नेऊन ठेवायचं, असा मुलांचा अत्यंत प्रेमळ बेत होता. काकूंचं उत्तर ठरलेलं होतं, "तुमच्या गॅलरीत मी कुंडीतल्या तुळशीसारखी उभी राहणार नाही. मी याच घरात राहणार."

दुकानात गल्ल्यावर मी आणि वायरिंगला बबन. बबन मूळ कुडपणचा. त्याचा आत्मविश्वास त्याच्या ज्ञानाच्या दोन पावलं पुढे चालायचा.

*

तात्यांच्या गाडीला पहिल्यापासून एक अलार्म होता. दार उघडलं की बोंबलायचा. मोबाईल नुकते लोकांच्या खिशात यायला लागले होते त्या सुमारास तात्यांना एकदम साक्षात्कार झाला.

"चोर आत बसल्यावर ओरडून काय उपयोग? चोर येतोय हे कळलं पाहिजे!"

म्हणून त्यांनी मुंबईहून प्रॉक्सिमिटी सेन्सर मागवला. गाडीजवळ काही हललं की तो अलार्मला सांगणार. सोबतचा कागद चिनी भाषेत. मी म्हटलं, "बबन, हे वाचणार कोण?"

"चित्रं हायत ना," बबन म्हणाला, "मग झालं तर!"

चित्र नव्या अलार्मचं होतं. गाडीतला अलार्म जुना. पण असल्या किरकोळ गोष्टींनी बबन कधी थांबला नाही.

*

जुन्या अलार्मला सेन्सरची वायर जोडायला जागाच नव्हती. बबनने थोडा विचार केला, म्हणजे एक चहा घेतला, आणि मध्ये एक रिले टाकून ती वायर सरळ दाराच्या स्विचला जोडून दिली. सेन्सरने इशारा दिला की अलार्मला वाटणार, दार उघडलं. कल्पना चांगली होती. फक्त त्याच स्विचवर गाडीतला दिवाही होता.

त्यामुळे गाडीजवळ कोणी आलं की सायरन वाजायचा आणि आत लख्ख उजेड पडायचा. चोराला स्टिअरिंग शोधायला त्रास नको!

तात्या खवळले. "अरे, हे काय केलंस?"

"तात्या, चोराचा चेहरा नको का दिसायला?"

तात्या विचारात पडले. खरं सांगतो, त्यांना ते पटलं.

*

सेन्सर किती लांबचं ओळखणार, ते ठरवायला त्याला एक बारीक स्क्रू होता. बबनने तो शेवटपर्यंत पिळला आणि तिथेच अडकवला. म्हणाला, "घेतलाय तर पुरा वापरा की!"

आता तात्या स्वतःच गाडीजवळ गेले तरी सायरन. बंद करायचा रिमोट दुबळा, गाडीला खेटल्याशिवाय चालायचा नाही. म्हणजे अलार्म बंद करायला जवळ जायचं, आणि जवळ गेलं म्हणून तो वाजायचा. तात्या भाजी आणायला निघाले की सगळ्या आळीला कळायचं.

काकू मात्र खूश. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच हे घरातून सांगून जातात."

*

एका पावसाळ्यात मी आणि तात्या खेडला निघालो होतो. कशेडी घाटात दरड आली, गाड्या खोळंबल्या. तात्यांनी गाडी कडेला लावून कुलूप घातलं आणि आम्ही चहाला गेलो. मग ट्रक हळूहळू सरकायला लागले. एक ट्रक सरकला की सायरन, दुसरा सरकला की पुन्हा सायरन!

चहा संपवून येतो तर काय, हवालदार शिट्टी फुंकत आमच्या गाडीपुढचा रस्ता मोकळा करतोय. ट्रकवाले मुकाट बाजूला झालेले.

"आत कोणते साहेब आहेत?" त्याने अदबीने विचारलं.

गाडी रिकामी. तात्या दार उघडून आत बसले आणि तितक्याच अदबीने म्हणाले, "आता आलेत."

*

मग मुलांनी जागा बघायला एजंट आणला. त्याने अंगणात पाऊल टाकलं, सायरन! मागे सरला, शांत. पुन्हा पुढे, पुन्हा सायरन, वर आतला दिवा.

एजंट घाबरला. "गाडीत कोण आहे?"

"कोणी नाही," काकू म्हणाल्या. "तिला माणसं कळतात."

सतीशने तात्यांना विचारलं, हे काढून का टाकत नाही? तात्या म्हणाले, "आत्ताच तर नीट चालायला लागलंय."

*

तात्या गेले. आम्हाला फार वाईट वाटलं, आणि अंगण इतकं गप्प झालं की बबन उगाचच गाडीजवळून जाऊन यायचा.

दहाव्याला सतीशने सामान तात्यांच्याच गाडीतून सावित्रीच्या घाटावर आणलं. पिंड मांडायच्या जागेजवळच गाडी लावली. काकू हट्टाने आल्या होत्या. आमच्याशेजारी पायरीवर बसल्या.

पिंड मांडला, सतीशने सवयीने गाडीला अलार्म लावून किल्ली काकूंकडे दिली आणि सगळे लांब जाऊन हात जोडून उभे राहिले. कावळा खाली उतरला. सायरन! कावळा झाडावर. थोड्या वेळाने पुन्हा उतरला, पुन्हा सायरन.

तात्यांचे चुलतभाऊ गंभीर झाले. "इच्छा राहिलीय त्याची. काय ते कबूल करा पोरांनो."

"काका, तो सेन्सर आहे," सतीश म्हणाला. हा आमचा इंजिनियर.

"कावळ्याला कळतं आणि तुला कळत नाही?"

सगळे नातेवाईक बघत होते. इंजिनियरने हात जोडले. "तात्या, गाडी विकणार नाही."

कावळा उतरला, सायरन वाजला, कावळा उडाला.

नितीन रडवेला झाला. "तात्या, आईला फ्लॅटमध्ये चल म्हणणार नाही."

कावळा, सायरन, झाड.

बबनला राहवेना. तो काकूंकडे वाकून हळूच म्हणाला, "काकू, किल्ली द्या. वायरच काढून टाकतो."

काकूंनी किल्लीची मूठ पदराखाली घेतली.

"बस खाली. घराचं अजून बोलले नाहीत ते."