कालव्याचा फ्लूम पाइपात

फ्लूम म्हणजे काय, हे भोपाळात शंभरातल्या नव्याण्णवांना ठाऊक नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. रत्नप्रभा पांढरीपांडे यांचं मात्र अख्खं आयुष्य त्यात गेलं. फायबरची उघडी पन्हळ, मधोमध आवळलेली. कालव्यात बसवली की अरुंद जागेमागे पाणी जरा चढतं. किती चढलं त्यावरून किती वाहतंय ते कळतं. लग्न होऊन नागपूरहून त्या बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आल्या, नवरा शांताराम मोठ्या कारखान्यात, आणि बाईंनी फ्लूम बनवायला गोविंदपुऱ्यात शेड घेतली. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू देत!

पण हल्ली कालव्यांची कामं आटली आणि शेडला कुलूप लावायची पाळी आली. तेवढ्यात तिथल्या कारखानदारांच्या संघाला सांडपाणी मोजायचं निघालं. पाणी मात्र रस्त्याखालच्या गोल पाइपात. सचिव रवींद्र सक्सेना यांनी सरळ सांगितलं की हे नहरचं, म्हणजे कालव्याचं सामान, पाइपात चालायचं नाही; चालवून दाखवा, नाहीतर आम्ही बाहेरून मशीन मागवतो. बाईंना ते भारी झोंबलं.

त्यांनी तसल्याच पाइपाचा तुकडा आणला, उभा चिरला आणि त्याचाच साचा केला. गोल पोटाचा फ्लूम असा चपखल बसला की शांताराम म्हणाले, आता याची दृष्ट काढा. सोनागिरीकडच्या एका चेंबरात, म्हणजे रस्त्यातल्या झाकणाखालच्या खड्ड्यात, तो उतरवला. कालव्यात करतात तशी लेव्हलची बाटली ठेवून तळ सपाट असल्याची खात्री केली. पाणी आलं आणि झाली फजिती. ते उसळ्या मारत होतं, पाण्याची उंची दाखवणाऱ्या पट्टीवर आकडा काही ठरेना. सक्सेना गालातल्या गालात हसले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. पाइपाचा उतार मोजत बसल्या, आणि चूक सापडली. कालव्यात पाणी चालत येतं, म्हणून तिथे फ्लूमचा तळ तेवढा पाहिला की भागतं. इथे मागचा पाइप उताराचा. धावत सुटलेलं पाणी कसलं चढून थांबतंय! त्या तडक सक्सेनांकडे गेल्या.

"गलती मेरी है," त्या म्हणाल्या. "फ्लूम सही है, जगह गलत चुनी. एक बार ऊपर वाले चेंबर में लगाने दीजिए."

असं तोंडावर कबूल करायला छाती लागते, राव.

वरच्या चेंबरामागचा पाइप जवळजवळ सपाट. पाणी शहाण्यासारखं आलं, चढलं आणि तिथेच राहिलं. पट्टीचा आकडा आणि हे पाणी जिथे पडतं ती पुढची टाकी भरायला लागलेला वेळ, दोन्हींचा मेळ बसला. सक्सेनांनी हट्टाने टाकी रिकामी करवली, पुन्हा भरवली. पुन्हा मेळ बसला. मग त्यांनी हात जोडले.

"मैडम, बाकी चेंबरों का काम कब शुरू करेंगी?"

भर रस्त्यात, ट्रकांच्या धुळीत, रत्नप्रभाबाईंना रडू फुटलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. तशाच ओल्या डोळ्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, शेड बंद होत नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या पाइपांत आपलेच फ्लूम बसणार."