सातव्या दिवशी जेसीबी

पवित्र शास्त्रातलं कधी काय वाचायचं, हे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांना बरोबर कळतं. रविवारी उपासनेत शांतीवर बोलायचं, दुसरा गाल पुढे करायला सांगायचं, तेही ज्यांचे गाल आधीच सुजलेत त्यांना. स्वतःचं काही अडलं की मात्र हात सरळ जुन्या कराराकडे जातो, जिथे शहरं पडतात आणि शेरडामेंढरांसकट सगळं कापलं जातं. या पंचांचे म्होरके म्हणजे माझे सख्खे मामा.

कुंभारीच्या रस्त्याला आमची दफनभूमी आहे. तिच्या कडेला एका धनगर म्हातारीचं पत्र्याचं खोपट होतं. चार शेरडं आणि एक चूल, एवढाच तिचा संसार. ती जागा मंडळीची, असं मामांचं म्हणणं. असेलही. पण कोर्टात जायचा त्यांना कंटाळा, म्हणून त्यांना यरीहो आठवलं. देवाच्या लोकांनी त्या शहराला सहा दिवस मुकाट्याने रोज एक फेरी घातली, सातव्या दिवशी सात फेऱ्या घालून कर्णे फुंकले, आरोळी ठोकली आणि तट कोसळला. ही गोष्ट मी संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवते. मामांनी ती त्या खोपटाला लावली. म्हातारीच्या चार पत्र्यांना तट समजायला माणूस किती भित्रा असावा लागतो!

पहिल्या सकाळी इस्त्रीचे शर्ट घातलेले सगळे पंच खोपटाभोवती फिरले. तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी आज्ञा होती. मी लाजेने रस्त्यावर उभी होते. म्हातारी चुलीपुढून उठून बाहेर आली आणि तिने त्यांना हात जोडले.

“माज्या खोपटाखाली देव निगाला व्हय?” तिने मला विचारलं. “परदक्षिणा घालत्यात म्हनून इचारलं. आदी सांगायचं की, सडा घातला असता.”

दुसऱ्या दिवसापासून तिने खरोखरच सडा घातला. वर शेळीच्या दुधाचा चहा. पंचांनी तो रोज घेतला. बोलायला मनाई होती, प्यायला नव्हती.

मला राहवेना. “मावशी, देवबिव काही नाही. हे तुमचं घर पाडायला फिरतायत.”

ती हसली. “घर पाडनारी मानसं च्या पित्यात व्हय?”

सहाव्या दिवशी फेरी संपल्यावर मी मामांना गाठलं. त्याच गोष्टीत यरीहोच्या तटात एक बाई राहायची. तिने देवाच्या लोकांच्या हेरांना आसरा दिला, त्यांनी दिलेल्या शब्दावर खिडकीला लाल दोरी बांधली, आणि अख्खं शहर कापलं गेलं तरी तिचं घर वाचलं. “मामा, ही रोज तुम्हाला चहा पाजते.”

“त्या बाईचा देवावर विश्वास होता. ही कुठं विश्वासातली आहे?”

“आणि येशू काय सांगतो?”

“येशूनेही मंदिरात चाबूक उचलला होता. तू आपलं संडे स्कूल बघ.”

“चाबूक बाजार मांडणाऱ्यांवर होता, मामा. म्हाताऱ्यांवर नव्हता.”

मामांनी मोबाईल कानाला लावला. ते जेसीबीवाल्याशी बोलत होते.

सातव्या सकाळी मी माझी लाल ओढणी तिच्या दाराला बांधली. आल्या आल्या सगळ्यांनी ती पाहिली. अर्थ न कळणारा तिथे एकही नव्हता. दोघातिघांनी माना खाली घातल्या आणि तसेच फिरत राहिले. सात फेऱ्या झाल्या. नाताळच्या बँडमधला कर्णा वाजला, आरोळी झाली. पत्रा हललासुद्धा नाही, फक्त शेरडं ओरडली. मग मामांनी हात वर केला आणि चिंचेमागे उभा असलेला जेसीबी सुरू झाला.

त्याआधी त्यांनी स्वतः ओढणी सोडली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. “चांगली आहे, फाटेल.”

यरीहो पाडणाऱ्यांनी लहान मुलंही सोडली नव्हती, पण जिने आसरा दिला तिला दिलेला शब्द तरी पाळला. आमच्या मंडळीला तेवढंही जमलं नाही. थू!

म्हातारी शेरडांचे दोर धरून कडेला उभी होती. आज फेऱ्या जास्त, म्हणून तिने चहाही जास्त टाकला होता. पत्रे बाजूला झाले, खालची उकरलेली माती दिसली, तशी ती पुढे आली.

“निगाला का देव?” तिने मामांना विचारलं.

आता बोलायला मनाई नव्हती.